दोन पायल्या वीज

कोल्हापुराहून निघताना शंभर होते.
संकेश्वर, बेळगाव, खानापूर,
मी टक्के मोजत आले, किलोमीटर नाही.
अनमोड घाटात गाडीने उतारावर अंग सोडलं
आणि तीन टक्के परत आले,
जणू दुकानदाराने मागून हाक मारून
विसरलेली मोड हातावर ठेवावी.

मोल्याचा चार्जर मोबाईलवर हिरवा होता.
प्रत्यक्षात त्याच्या तोंडात कुंभारमाशीचं घर.
तिचं बांधकाम चालू होतं.
मी थोडा वेळ बघत राहिले, मग निघाले.

सांग्याच्या पुढे ए.सी. बंद, काचा खाली,
लाल धूळ दातांत.
चढ आला की मी सीटवर पुढे झुकायची,
त्याने काही होत नाही हे ठाऊक असून.
कारवारहून बहिणीचा फोन: किती टक्के?
थोड्या वेळाने पुन्हा: आता किती?
तापाच्या पोराचं विचारावं तसं.

रिवणला अकरा उरले
तेव्हा गिरणी ऐकू आली.
तीन फेजचा आवाज. तो मला कळतो.
बत्तीस वर्षं वीज कंपनीत बिलं काढली,
दुसऱ्यांची युनिटं मोजली, थकबाकीवर सह्या केल्या,
कुणाच्या दारात वीज मागायला
कधी उभी राहिले नव्हते.

कुष्टा वेळीप. भुवयांवर तांदळाचं पीठ.
गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला,
"कितलें खाता गे ही?"
मी किलोवॅट सांगितले. त्याने मान हलवली.
"म्हज्या मोटरीच्या अर्दें."
प्लग होता, पंधरा अँपियरचा,
पण दोन्ही एकदम चालत नाहीत, फ्यूज उडतो.
नंबर लावावा लागेल.

तर गाडीने नंबर लावला.
पुढे नाचणीचा डबा, उकड्या तांदळाचं पिंप,
मागे हळूहळू आणखी चार डबे,
आणि मिरची घेऊन आलेला एक मुलगा,
त्याला पाटी दाखवून परत पाठवलं:
मिरची फक्त बुधवारी.

गिरणी थांबली. वायर आत गेली.
इतकी शांतता की शेवतू म्हणून एक म्हातारी
उठून आली, बॉनेटवर तळवा ठेवला.
"दळता मगे? का न्हिदल्या?"
मी काचेतून आकडा दाखवला.
तिला आकड्यापेक्षा
बॉनेट गार आहे हेच खटकलं होतं.

दीड तासाने लाईट गेली.
कुणी काही बोललं नाही. मीही नाही,
या वाक्याची सगळी उत्तरं मी पूर्वी फोनवर देत असे:
काम चालू आहे, लवकरच येईल, तक्रार क्रमांक लिहून घ्या.
कुष्टाच्या बायकोने पेज आणली,
वर तोरांचं मिसकूट.
पोत्यावर बसून जेवले. माशा होत्या.

लाईट आली तेव्हा शेवतूने विचारलं,
घरी व्याही यायचे आहेत, दहा मिनिटं देशील?
वायर मीच काढली.
तिचं पीठ पडत होतं, माझा आकडा थांबला होता,
आणि मला त्याचं काही वाटलं नाही;
वाटायला हवं होतं, दिवस कलायला आला होता.

सत्तेचाळीसवर निघाले.
पैसे विचारले तर कुष्टा अडला.
युनिटाचा दर त्याला माहीत, पण तो त्याने लावला नाही.
भिंतीवर कोळशाने हिशेब होते,
नावं, डबे, कुणाचे गणपतीपासूनचे बाकी.
त्यांच्या खाली लिहिलं: गाडी, दोन पायली.
दोन पायल्या नाचणीचे पैसे घेतले.
उरलेले देऊ लागले तर म्हणाला,
"परत येशील ना ह्याच वाटेन?"

करमल घाटात चढाने सहा नेले,
उताराने दोन दिले.
काळोख पडला होता. डॅशबोर्डवर पीठ,
बोट फिरवलं की रेघ उमटत होती.
बहिणीचा फोन: अगं, किती टक्के?
मी आकड्याकडे बघितलं
आणि तिला मिसकुटाबद्दल सांगायला लागले.